देवाला सांगितलेला आकडा

१७ ऑगस्ट २००८, रविवार

काल नारळी पौर्णिमा झाली. आता दांडीच्या किनाऱ्यावरच्या होड्या हळूहळू पाण्यात उतरतील. दुपारी नारळ खवत बसले होते तेव्हा बेंगळूरहून तेजस्वीचा फोन आला. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे ती संशोधन संस्थेत गेली आणि मी इथे मालवणात अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवू लागले. एरवी तिचा फोन फक्त वाढदिवसाला येतो.

ती आणि तिचे सहकारी एका लहान अवकाश दुर्बिणीचा प्रस्ताव तयार करत आहेत. आरसा आपल्या जेवणाच्या ताटाएवढा. काम एकच, दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची हवा तपासायची. कुठले ग्रह, किती वेळ, कोणत्या क्रमाने, हा सगळा हिशोब मी करावा असं तिचं म्हणणं. "तुझ्याइतकं शंभरदा तपासणारं माणूस मला दुसरं माहीत नाही," म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. आता लिहिताना प्रश्न पडतो, ते हो कामासाठी होतं की कुणाला तरी आपली आठवण झाली म्हणून? दोन्हीसाठी असावं. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. ताऱ्याच्या प्रकाशाचा शेवटचा आलेख काढला त्याला एकवीस वर्षं झाली. झेपेल का?

पण संध्याकाळभर आनंदात होते, हे नोंदवलंच पाहिजे. भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई एक घास खाऊन म्हणाल्या, "कोणाचो फोन इल्लो गो? समुद्र ओतलंस तो?"

२४ ऑगस्ट

सासूबाईंना काम समजावून सांगितलं. त्या बाजारात मासे विकतात, सत्तरी उलटली तरी टोपली सोडत नाहीत. कागदावर तारा काढला, त्याच्यापुढून जाणारा ग्रह काढला, ग्रहाभोवती हवेचं कडं काढलं. ताऱ्याचा थोडासा उजेड त्या कड्यातून गाळून आपल्याकडे येतो. येताना त्यातले काही रंग हवा खाऊन टाकते. कुठला रंग गेला त्यावरून हवेत काय आहे ते कळतं. यंदा मार्चमध्ये हबल दुर्बिणीने अशा एका ग्रहावर मिथेन असल्याचं याच रीतीने सांगितलं.

"म्हणजे ग्रह दिसणा नाय?" सासूबाई.

"नाही."

"हवा दिसणा नाय?"

"नाही."

"मगे तुमी बघतास काय, कपाळ?"

मी हसले. म्हटलं, गेलेला रंग बघतो.

"किती लांब म्हणालंस तो ग्रह?"

"उजेडाला इथे यायला त्रेसष्ट वर्षं लागतात."

"त्रेसष्ट?"

"त्रेसष्ट."

भांडी घासताना आतून पुन्हा आवाज आला, "त्रेसष्टच मां गो?" माझं मन राखायला विचारत असाव्यात. त्यांना यात काय रस असणार!

काढलेली आकृती नंतर सापडली नाही. खिडकी उघडी होती, वाऱ्याने गेली असणार.

१२ सप्टेंबर

यादी झाली! ताऱ्यापुढून जाणारे पन्नासेक ग्रह आजवर सापडले आहेत, त्यांतले चाळीस निवडले. दोन वर्षांत चाळीस ग्रहांची हवा. तक्ता पाठवला आणि तासाभरात तेजस्वीचा फोन. "चाळीस! प्रस्ताव निवडणाऱ्या समितीला असाच आकडा लागतो. उद्याच अध्यक्षांच्या कानावर घालते."

'उपलब्ध वेळ' या रकान्यात सध्या पूर्ण वेळ धरला आहे. तो एकदा बघायला हवा. गणपती गेले की बघेन.

२८ सप्टेंबर

आज बाजारात सासूबाईंच्या शेजारी बसणाऱ्या सुशीलाने मला लांबूनच हाक मारली. "काय गो बाय, तुझो त्रेसष्ट वर्सांचो ग्रह खंयपर्यंत इलो?"

पलीकडची म्हणाली, "तेच्यार म्हणे गोबरग्यास आसा!" सगळ्या हसल्या. सुशीलाने माझ्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकले. "र्‍हवांदे, दुर्बिणीक ताकद येवंदे." सासूबाई खाली मान घालून खवले काढत होत्या. त्यांनाही संकोच वाटला असेल.

अजून काही ठरलेलं नसताना गावभर झालं, हे बरं नाही. घरी येऊन नवऱ्याला, दत्तप्रसादला, बोलले. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो. पण समुद्रावर सगळ्यांशी त्याचाच संबंध. म्हटलं, "तूच सांगितलंस ना?"

"मी?" एवढंच म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावरून माझी खात्री पटली.

५ ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी किनाऱ्यावर गेले होते. काशीरामकाका, म्हणजे दत्तप्रसादचे चुलते, रापणीचे प्रमुख आहेत. होडीने किनाऱ्यापासून अर्धगोल जाळं टाकायचं आणि पन्नासेक बायामाणसांनी वाळूवरून दोन्ही टोकांचे दोर ओढायचे, ही रापण. मिळेल त्याचे सगळ्यांना वाटे. पण जाळं कधी टाकायचं ते काका ठरवतात. वाळूच्या उंचवट्यावर उभे राहून तासन्‌तास पाणी बघतात. दसऱ्यापासून हंगाम सुरू करायचा म्हणून आज नुसतंच बघत होते.

"मासा दिसतो तुम्हाला इथून?" मी विचारलं.

"मासो खंयचो दिसता? पाण्याचो रंग बदलता, तो बघूचो."

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. आमचंही हेच काम, असं म्हटलं. मग सहज विचारलं, "मग होडीत बसून जवळून का नाही बघत?"

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "होडी उभी रवता काय गो? खाली गेली की तोंडासमोर लाट. अर्धो येळ लाटच बघूची. म्हणान मी हंय उभो रवतंय."

मी पुढचं काही ऐकलं नाही.

आमची दुर्बीण किनाऱ्यावर उभी नाही. ती होडीत आहे. दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी, आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ तारा पृथ्वीच्या आड. मी वेळ पूर्ण धरला होता. 'गणपती गेले की बघेन.' गणपती जाऊन तीन आठवडे झाले. जन्मभर दांडीवरून आभाळ बघितलं, समोर कायम उघडंच असतं असं धरून चालले. ही चूक बारावीच्या मुलीने केली असती तर मी तिला उभं करून विचारलं असतं.

दुपारभर पुन्हा मांडलं. वेळ तर अर्धा होतोच, शिवाय बऱ्याच ग्रहांचं ताऱ्यापुढून जाणं नेमकं पृथ्वी आड असतानाच येतं. चाळीसपैकी नऊ-दहाच उरतात, आणि त्यांचीही हवा पुसट दिसेल, छातीठोक काही सांगता येणार नाही. तेजस्वी तिकडे अध्यक्षांना चाळीस सांगून बसली आहे.

तिला फोन केला नाही. उद्या पुन्हा तपासून करू, असं स्वतःला सांगितलं. तीनदा तपासून झालं आहे, मग चौथ्यांदा कशासाठी, हेही मला ठाऊक आहे.

९ ऑक्टोबर, दसरा

रापणीचा पहिला दिवस. जाळं होडीत चढवण्याआधी काकांनी गाऱ्हाणं घातलं. दर वर्षी घालतात. ते देवाला एकेक गोष्ट सांगतात, बाकी सगळे मागून होकार देतात. मी दर वर्षी तिथे असते, पण कॉलेजात गेल्यापासून मी तो होकार दिलेला नाही. ज्याची खात्री नाही ते मोठ्याने म्हणू नये असं मला वाटतं. हा प्रामाणिकपणा की शिष्टपणा, हे अजून ठरवता आलेलं नाही.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज दसऱ्याक ही तुझी लेकरां पाण्यात जाळा घालतत. होडयेक आणि माणसांक सुखरूप हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"रापणीक मासो भरभरून दी!"

"व्हय म्हाराजा!"

एवढं झालं आणि काका थांबले. वळून मला म्हणाले, "सुगंधा, किती ग्रह गो?"

पन्नास तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "काका, ते कशाला इथे?"

"कशाक म्हणजे? देवाक नीट आकडो सांगूक व्हयो. मोघम सांगितला तर तो मोघम देता."

दहा म्हणू शकले असते. माहीत नाही म्हणू शकले असते. तोंडातून आलं, "चाळीस."

"बा म्हाराजा! आमची सून आभाळात दुर्बीण धाडता. चाळीस ग्रहांची हवा बघूची आसा. चाळीसय तिका दिसांदेत!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सुशीलाचा.

"काय चुकला-माकला आसात तर लेकरां म्हणान पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

मी गप्प होते. दर वर्षी असतेच, पण आजचं गप्प राहणं निराळं होतं. चार दिवस मी फक्त एक गोष्ट लपवत होते. आज मी ठरवून खोटं बोलले, आणि पन्नास माणसांनी माझ्यासाठी त्यावर शिक्का मारला. पहिल्याच रापणीला पेडवे भरपूर मिळाले. आमच्या घरी वाटा आला तो मी तळला आणि सगळा दत्तप्रसादच्या ताटात वाढला.

१० ऑक्टोबर

सकाळी कॉलेजला जाण्याआधी तेजस्वीला फोन केला. सगळं सांगितलं.

"रविवारी कळलं तुला?"

"हो."

"आज शुक्रवार आहे, सुगंधा."

"हो."

"मग आज कसं सांगावंसं वाटलं?"

मी म्हटलं, "काल गाऱ्हाण्यात देवालाही चाळीसच सांगितले. आता सहन होत नाही."

मग ती हसायला लागली. इतकी हसली की मागून कोणीतरी तिला काय झालं म्हणून विचारलं. हसू ओसरल्यावर म्हणाली, "समितीने पकडलं असतं तर आपलं कायमचं गेलं असतं. तू सांगितलंस ते बरं. पण नऊ पुसट ग्रहांसाठी कोणी दुर्बीण पाठवत नाही. महिनाअखेरपर्यंत दुसरी योजना दे. नाही जमलं तर आपण प्रस्ताव मागे घेऊ."

मागे घेऊ. दहा माणसांचं दोन वर्षांचं काम. तरी खरं लिहायचं तर कॉलेजात जाताना पाय हलके होते.

२२ ऑक्टोबर

आज सकाळी चांद्रयान उडालं. बाजारात सगळ्यांच्या तोंडी तेच. सुशीला धावत आली. "ह्यां तुझा न्हय मां?"

"नाही, ते चंद्राकडे जातंय."

"हात्त तिच्या! चंद्र काय, हंयच आसा."

माझी नवी योजना अजून शून्यावर आहे. तीस ग्रह करून पाहिले, वीस करून पाहिले. वेळ सगळ्यांना थोडाथोडा वाटला की सगळेच पुसट.

२६ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस रापण पडलेली नाही. काका रोज येतात, पाणी बघतात, परत जातात. कोणी कुरकुरत नाही. मी विचारलं, "रोज थोडी थोडी का टाकत नाही? काहीतरी मिळेलच."

"काहीतरी गावतला. पण माणसां दमतली. आणि खरो मासो इलो त्या दिवशी दोर ओढूक हात खंयसून हाडू?"

"मग आज काय बघताय? पाणी तर मोकळंच आहे."

"ताच बघतंय." काकांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. "मोकळा पाणी कसा दिसता ता रोज बघूक व्हया. नायतर भरलेला कसा वळाखतलंस?"

मी घरी धावतच आले.

चाळीस नाही, वीस नाही, नऊही नाही. दोन. सगळ्यांत ठळक ताऱ्यांचे दोन ग्रह: एक जंबुक तारकासमूहातला, तोच त्रेसष्ट वर्षं लांबचा, आणि एक महाश्वातला. दोन वर्षं फक्त त्यांच्याकडे बघायचं. ग्रह ताऱ्यापुढे असताना आणि नसतानाही, कारण मोकळ्या ताऱ्याचे रंग पक्के ठाऊक नसतील तर गेलेला रंग ओळखणार कसा? ग्रहाच्या या फेरीला पृथ्वी आड आली तर राहिलेला भाग पुढच्या फेरीला मिळेल. पहिला ग्रह दर सव्वादोन दिवसांनी येतो, दुसरा साडेतीन दिवसांनी. फेऱ्यांना तोटा नाही.

चार वेळा मांडलं. चारही वेळा हवेतली पाण्याची वाफ स्वच्छ येते. 'उपलब्ध वेळ' या रकान्याला सगळ्यात आधी हात घातला. दत्तप्रसादने कॅलेंडरच्या मागे माझे गुणाकार करून पाहिले. "बरोबर आसा," म्हणाला. त्याच्या दहांतलं एक वाक्य माझ्यावर खर्च केलं!

२१ नोव्हेंबर, बेंगळूर

समितीपुढे तेजस्वीने प्रस्ताव मांडला. निरीक्षणाचा भाग आला तेव्हा तिने अचानक मलाच उभं केलं. हे ठरलेलं नव्हतं.

अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "सप्टेंबरात चाळीस ऐकले होते. चाळीसचे दोन कसे झाले?"

मी म्हटलं, "माझी चूक झाली होती. तारा अर्धा वेळ पृथ्वीच्या आड असतो हे मी धरलं नव्हतं." आणखी स्पष्टीकरण द्यावंसं वाटलं, पण स्पष्टीकरण नव्हतं, म्हणून दिलं नाही.

एक तरुण सभासद म्हणाले, "पण दोनच ग्रह म्हणजे बहुतेक वेळ दुर्बीण नुसतीच बसून राहणार."

"बसून नाही, बघत राहणार. मोकळं पाणी बघितल्याशिवाय भरलेलं ओळखू येत नाही." बोलून गेले आणि मग जीभ चावली. इंग्रजीत ते कसंतरीच वाटलं असणार. आणि काकांचं वाक्य माझंच असल्यासारखं वापरलं, हेही बरोबर नाही. तेजस्वीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "पुढच्या वेळी काकांनाच घेऊन ये."

पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. आता डोसा खाल्ला, दोन खाल्ले.

८ मार्च २००९

साडेतीन महिन्यांत इथे काही लिहिलं नाही. कळवण्यासारखं काही कळलंच नाही.

आज वर्तमानपत्रात आहे, अमेरिकेची केप्लर दुर्बीण काल उडाली. आभाळाचा एकच तुकडा वर्षानुवर्षं बघत राहणार. आणि त्यांनी तिला पृथ्वीभोवती फिरायलाच ठेवलेलं नाही, पृथ्वीच्या मागून सूर्याभोवती पाठवलं आहे, म्हणजे मध्ये आड येणारं काही नाही. ते किनाऱ्यावर उभे राहिले! थोडा हेवा वाटला. पण काकांना दाखवायला पान कापून ठेवलं.

१४ मार्च, शनिवार

एकोणीस प्रस्तावांतून तीन निवडले. त्यांत आमचा आहे!

सावधपणे लिहिते: मंजुरी एक वर्षाच्या पुढच्या अभ्यासाला आहे. दुर्बीण बनेल की नाही, बनली तर उडेल की नाही, हे कोणी सांगितलेलं नाही. दहा वर्षंही लागतील. तेजस्वी म्हणाली, अहवालात लिहिलंय की ज्या प्रस्तावाने स्वतःचा आकडा स्वतः खाली आणला त्याच्या उरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. मी तिला ते दोनदा वाचायला लावलं. मग रडले. मग पुन्हा वाचायला लावलं.

सांगायला बाजारात गेले. सासूबाई बसतात त्याच्या मागच्या खांबाला माझी ऑगस्टातली आकृती चिकटवलेली! खवल्यांनी चमकत होती, कडेने पिवळी पडली होती. सुशीला एका गिऱ्हाइकाला सुरीच्या टोकाने हवेचं कडं दाखवत होती, आणि सासूबाई तिला दुरुस्त करत होत्या, "थंय न्हय, हंय."

म्हणजे वाऱ्याने गेली नव्हती. घरी येऊन दत्तप्रसादला विचारलं, "तूच नेऊन दिलीस ना?"

"मी?" आणि तेच हसू.

१५ मार्च, रविवार

निर्णय झाल्यावरही एक गोष्ट उरली होती. सकाळी रापणीवर गेले आणि सगळ्यांसमोर काकांना सांगितलं की दसऱ्याला मी दिलेला आकडा खोटा होता, आणि खोटा आहे हे मला तेव्हा माहीत होतं.

काकांनी हातातला दोर खाली ठेवला. "खोटो? आणि आमी पन्नास माणसांनी व्हय म्हाराजा म्हटला?"

"हो."

"म्हणान माघात जाळा फाटला!"

"खडकार अडाकला म्हणान फाटला," दत्तप्रसाद म्हणाला.

"तू गप रे." काका माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, "मगे खरो आकडो किती?"

"दोन. एक जंबुकातला, म्हणजे कोल्ह्यातला, एक महाश्वातला, म्हणजे घोड्यातला."

"नक्की मां? परत बदलतलंस काय?"

"नाही. चार वेळा तपासलाय."

"दोर सोडा रे सगळ्यांनी! हंय येवा!"

पन्नास माणसं ओल्या हातांनी गोळा झाली. काकांनी समुद्राकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा! दसऱ्याक आमच्या सुनेन तुका चाळीस सांगितलान. ता चुकला!"

"व्हय म्हाराजा!" सुशीलाला हसू आवरेना.

"चाळीस न्हय, दोन. एक कोल्ह्यातलो, एक घोड्यातलो. दोनच दी, पण पुरे दी!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "त्रेसष्ट वर्सां लांबचो, तो पयलो दी म्हणान सांगा!" मी ते एकदाच सांगितलं होतं. लक्ष नव्हतं असं मला वाटलं होतं.

"त्रेसष्ट वर्सां लांबचो तो पयलो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात एक आवाज जरा उशिरा आला. बारीक, सवय नसलेला. तो माझा होता हे ऐकल्यावर कळलं.

मग सगळ्यांनी दोर धरले. मीही धरला. तळहात अजून हुळहुळताहेत, अक्षर त्यामुळे असं आलंय.

घरी येताना वाटेत दत्तप्रसाद म्हणाला, "म्हटलंस मां आज."

इतकी वर्षं हा ऐकत होता, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "आकडा बरोबर होता."